बुद्धांच्या देशातील 'पाहुणा' : चियांग माई शहरातील दैनंदिन जीवन

थायलंड हा शब्द उच्चारला की आपल्याकडे साधारणतः दोन चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक सोनेरी विहारांचे आणि चीवरधारी भिक्खूंच्या रांगांचे. दुसरे रात्रीच्या रंगीत दिव्यांचे, ज्याचा उल्लेख चारचौघांत डोळा मिचकावून केला जातो. नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्या माणसाचा दिवस मात्र या दोन्ही चित्रांत बसत नाही. तो सकाळी कामावर जातो, संध्याकाळी भाजी आणतो, महिन्याला घरभाडे भरतो आणि दर तीन महिन्यांनी सरकारला आपला पत्ता कळवतो.

आज आपल्या वस्त्यांतील मुले-मुली शिक्षक, संगणक तंत्रज्ञ, हॉटेल कर्मचारी म्हणून परदेशी जाऊ लागली आहेत. थायलंडला जाणाऱ्याच्या मनात तर 'तो बौद्ध देश आहे, तेथे आपण परके नाही' अशी एक भावना असते. ही भावना कितपत खरी, याचा विचार येथे करावयाचा आहे. माझे मावसभाऊ उत्तर थायलंडमधील चियांग माई येथे शाळेत गणित शिकवतात. त्यांच्याकडे दोन वेळा मुक्कामाचा योग आला, म्हणून त्याच शहराचे उदाहरण घेतो.

शहराची ओळख

बँकॉकपासून सुमारे ७०० किलोमीटर उत्तरेस, डोंगरांच्या कुशीत हे शहर वसले आहे. राजा मंगराय याने इ.स. १२९६ मध्ये लान्ना राज्याची राजधानी म्हणून त्याची स्थापना केली. जुने शहर चौकोनी असून भोवती आजही पाण्याने भरलेला खंदक आहे. प्रत्येक बाजू दीड किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे आतला भाग पायी फिरता येतो. पश्चिमेस डोई सुथेप हा डोंगर व त्यावरील प्रसिद्ध विहार, पूर्वेस पिंग नदी.

आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे येथील 'वाट चेत योत' हा विहार. राजा तिलोकराज याने १४५५ साली तो बांधावयास घेतला आणि त्यासाठी नमुना ठेवला तो बोधगयेच्या महाबोधी विहाराचा. थायलंडमध्ये जिला आठवी धम्मसंगीती मानतात ती १४७७ साली येथेच भरली. बोधगया पाहिलेल्या माणसाला तेथे उभे राहिल्यावर ओळखीचे काहीतरी दिसते.

'खॅक' या शब्दाचा अर्थ

तेथे गोऱ्या माणसाला 'फरांग' म्हणतात; आपल्यासारख्या भारतीयाला 'खॅक' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा. कधी तो सहज वापरला जातो, कधी त्यात थोडा हिणवण्याचा सूरही असतो. परंतु कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर हा शब्द अगदी यथार्थ आहे. बौद्ध असो वा नसो, परदेशी माणूस तेथे पाहुणाच असतो.

नोकरी करावयाची तर भारतातूनच थाई दूतावास किंवा वकिलातीकडून 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा घ्यावा. त्यानंतर मालकामार्फत कामाचा परवाना, म्हणजे वर्क परमिट, मिळतो. पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाने नोकरी करणे हा गुन्हा आहे. केस कापणे, पर्यटकांना वाट दाखवणे, थाई मसाज अशी कित्येक कामे थाई नागरिकांसाठीच राखीव आहेत. सलग राहणाऱ्याने दर ९० दिवसांनी इमिग्रेशन कार्यालयास पत्ता कळवावा लागतो. परदेशी भाडेकरू आला की घरमालकाने २४ तासांत कळवावे असाही नियम आहे. मुदतवाढ मिळालेली असताना देशाबाहेर जायचे असेल, तर आधी पुनःप्रवेशाचा परवाना घ्यावा; तो न घेता बाहेर पडल्यास मुदतवाढ रद्द होते. मुदत संपूनही राहिल्यास दिवसाला ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २०,००० बाट. जमीन परदेशी व्यक्तीच्या नावावर होत नाही.

घर आणि बँक

भाड्याच्या खोल्या पुष्कळ मिळतात. रिवाज असा की दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचे भाडे आगाऊ द्यावे. करार करताना विजेचा दर अवश्य विचारावा, कारण पुष्कळ ठिकाणी घरमालक स्वतःच्या दराने युनिट लावतात. नदीजवळ घर घ्यायचे असल्यास पाणी कोठवर येते तेही विचारावे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पिंग नदीला विक्रमी पूर येऊन शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. आणखी एक गोष्ट हवेची. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेतातील धसकटे आणि डोंगरावरील रान जळते, धूर दरीत अडकतो आणि डोई सुथेप दिसेनासा होतो. दम्याचा त्रास असणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे.

बँकेचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. थाई भाषेत बँकेला 'थनाखान' म्हणतात, म्हणजे आपले धनागार. तेथील पासबुक हाती आले आणि तारखेचे साल पाहून मी थबकलो. थाई व्यवहारात बुद्धवर्ष चालते, इ.स. २०२५ म्हणजे तेथे २५६८. हे वर्ष महापरिनिर्वाणापासून मोजतात, परंतु पूर्ण झालेले वर्ष धरतात. म्हणूनच भारतात २५०० वी बुद्धजयंती १९५६ साली झाली, तर थायलंडमध्ये २५०० वे वर्ष १९५७ साली साजरे झाले. अर्ज भरताना, औषधाच्या बाटलीवरील मुदत वाचताना ५४३ चा फरक लक्षात ठेवावा लागतो.

वर्क परमिट दाखवले की खाते उघडणे सोपे जाते. मग भाजीवालीपासून दुकानापर्यंत सर्वत्र 'प्रॉम्प्टपे'ची क्यूआर पट्टी चालते. एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. 'तुझे खाते थोडे दिवस वापरू दे' असे कोणी म्हटल्यास स्पष्ट नकार द्यावा. फसवणुकीच्या पैशासाठी खाते वापरू देणाऱ्यास २०२३ च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

जाणे-येणे आणि खाणे

शहरात लाल रंगाच्या 'सोंगथॅव' गाड्या धावतात. मागे समोरासमोर दोन बाक. आपल्याकडची वडापची जीपच म्हणा. हात करावा, ठिकाण सांगावे, चालकाने मान डोलावली की मागे चढावे. उतरायचे आले की छतावरील बटण दाबावे व खाली उतरून पैसे द्यावेत. जवळच्या अंतराला साधारण ३० बाट पडतात. मोबाईलवरून बोलावण्याच्या गाड्याही आहेत. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते, म्हणून आपल्या मुलांना मोटारसायकलचा मोह होतो. परंतु तेथे चालणारे लायसन्स आणि हेल्मेट या दोन्ही गोष्टी नसतील तर गाडीला हात लावू नये. अपघात झाल्यास विम्याची रक्कमही अडकते.

उत्तर थायलंडचा माणूस चिकट भात हाताने खातो. तो 'नाम फ्रिक नुम' नावाच्या चटणीशी लावून खाल्ला की आपल्या माणसाला भाजलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचाच आठवतो. 'खाओ सोय' हा तेथील प्रसिद्ध पदार्थ म्हणजे नारळाच्या दुधातील मसालेदार रश्श्यात शेवया, वर कुरकुरीत तळलेल्या शेवया, सोबत मोहरीच्या पाल्याचे लोणचे, कांदा व लिंबू. भाताचे इतर जेवण चमच्याने होते, काटा फक्त घास सारण्यासाठी. शाकाहारी मंडळींची मात्र अडचण होते, कारण माशाचा रस, 'नाम प्ला', जवळजवळ प्रत्येक भाजीत पडतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेले दुकान शोधावे. तेथे मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो.

भाषा अवघड आहे, कारण एकच शब्द सूर बदलला की अर्थ बदलतो. तरी पाली-संस्कृतमुळे आपल्याला काही दारे उघडी सापडतात. 'आहान' म्हणजे आहार, 'वेला' म्हणजे वेळ, 'ख्रू' म्हणजे गुरू, 'वान आथित' म्हणजे आदित्यवार. रोज पाच शब्द याप्रमाणे सहा महिने शिकले तरी बाजारातली वागणूक बदलते, असा मावसभावांचा अनुभव आहे.

संध्याकाळी बाहेर पडताना

तेथील माणसे घरी पाहुणा क्वचित बोलावतात. भेटीगाठी होतात त्या बाहेर, जेवणाच्या टेबलावर. वोरोरोट बाजारात दिवसाची खरेदी, निम्मानहेमिन रस्त्यावर तरुणांची कॉफीची दुकाने, आणि रविवारी था फे दरवाजापासून सुरू होणारा पायी बाजार. त्या संध्याकाळी राचदामनोएन रस्ता वाहनांना बंद असतो. हातमागाचे कापड, लाकडी वस्तू, कागदी छत्र्या यांची दुकाने दुतर्फा लागतात आणि वाटेवरील विहारांच्या आवारात खाद्यपदार्थांचे ठेले उभे राहतात. सहा वाजता ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत लागले की हजारो माणसे असतील तेथे स्तब्ध उभी राहतात. त्या वेळी चालत राहणारा माणूस लगेच ओळखू येतो.

राजघराण्याबद्दल थट्टेने काही बोलू किंवा लिहू नये. दंडविधानाच्या ११२ व्या कलमाखाली तीन ते पंधरा वर्षे शिक्षा आहे. नोटांवर राजाचे चित्र असते, म्हणून पडलेली नोट पायाने दाबून धरणेही टाळावे. कोणाच्या डोक्याला हात लावू नये, पाय कोणाकडे रोखू नयेत, घरात चपला नेऊ नयेत. मुख्य म्हणजे चढ्या आवाजात भांडू नये. तेथे रागावलेला माणूस वाद जिंकत नाही, त्याचीच लाज जाते. हे आपल्या माणसाला सर्वांत जड जाते.

मद्य घेण्याचे वय २० आहे. माघ, वैशाख व आषाढ पौर्णिमा आणि वर्षावासाचा आरंभ व समाप्ती या पाच दिवशी मद्यविक्रीवर बंदी असते. २०२५ पासून विमानतळ, हॉटेले अशा काही जागांना त्यातून सूट मिळाली. ई-सिगारेट बेकायदेशीर आहे. गांजा २०२२ मध्ये अमली पदार्थांच्या यादीतून काढला होता, पण जून २०२५ पासून त्याच्या फुलासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. मोकळीक दिसते म्हणून कायदा नाही असे समजू नये.

विहारात गेल्यावर

पहाटे भिक्खू पात्र घेऊन निघतात आणि लोक पादत्राणे काढून भोजनदान देतात. स्त्रियांनी भिक्खूंच्या हाती थेट वस्तू देऊ नये असा नियम आहे. त्रिशरण कानावर पडते तेव्हा शब्द ओळखीचे वाटतात, उच्चार निराळा असतो. वाट चेदी लुआंग या विहाराचा प्रचंड स्तूप १५४५ च्या भूकंपात ढासळला. तेथे भिक्खू परदेशी लोकांशी इंग्रजीत धम्मचर्चा करतात, त्याचा लाभ जरूर घ्यावा.

पण येथेच आपला माणूस गोंधळतो. घरोघरी अंगणात भूमीच्या देवतेचे छोटे देऊळ असते, गळ्यात ताईत असतात, गणपती आणि ब्रह्मदेवापुढेही हात जोडले जातात. त्याच वाट चेदी लुआंगच्या आवारातील नगरस्तंभाच्या देवळात स्त्रियांना प्रवेश नाही. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांना हे खटकणारच आणि खटकावे. परंतु तेथील बौद्ध परंपरा शेकडो वर्षांत स्थानिक समजुतींसह वाढली; आपला धम्म १९५६ साली समतेच्या लढ्यातून आला. हा फरक ओळखावा. त्यांच्या अंगणात वाद घालू नये आणि आपली विवेकबुद्धीही दाराबाहेर ठेवू नये.

पालकांना सूचना

शेवटी सर्वांत गंभीर गोष्ट. बँकॉकमध्ये संगणकावरील चांगल्या पगाराची नोकरी असे सांगून कित्येक भारतीय तरुणांना विमानतळावरून परस्पर पश्चिम सीमेवरील मे सोत येथे नेण्यात आले आणि नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावडी भागात कोंडून ठेवण्यात आले. तेथे पासपोर्ट काढून घेऊन त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करवून घेतली गेली. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून पाचशेहून अधिक जणांना परत आणले.

म्हणून वर सांगितलेली कागदपत्रांची कंटाळवाणी माहिती हेच आपल्या मुलांचे कवच आहे. 'आधी पर्यटक म्हणून ये, मग परवाना काढू' असे सांगणारा एजंट दारातूनच परत पाठवावा. एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावी. कंपनीचे नाव, पत्ता व करार घरी ठेवावा. बँकॉकमधील भारतीय दूतावास आणि चियांग माईतील भारतीय वाणिज्य दूतावास यांचे दूरध्वनी क्रमांक मुलाजवळ आणि पालकांजवळ दोन्हीकडे असावेत. व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, तेव्हा ऐकीव माहितीवर तिकीट काढू नये.

एवढी काळजी घेऊन जो जाईल त्याला चियांग माई निश्चित आवडेल. शहर स्वच्छ आहे, माणसे सौम्य आहेत, आणि रात्री उशिरा एकटी घरी परतणारी बाई तेथे नवलाची गोष्ट नाही. बुद्धांच्या नावामुळे व्हिसा मिळत नाही हे खरे. परंतु शब्द जपून वापरणारा, दुसऱ्याच्या रीतीचा मान राखणारा आणि कागदपत्रे चोख ठेवणारा पाहुणा तेथे शेजाऱ्यांना हवासा वाटतो. मावसभावांच्या गल्लीतील भाजीवाली त्यांना आता 'खॅक' म्हणत नाही, 'ख्रू' म्हणते. आपल्या समाजातून तेथे जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला असाच मान लाभो, ही सदिच्छा.