मोठे टायर घासायला लागले? फेंडरला ग्राइंडर लावण्याआधी हे तपासा

जुन्या गाडीला मोठे टायर चढवायची हौस सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच आहे. बेळगावचं ऑटोनगर असो, कोल्हापूरचं उद्यमनगर असो की म्हापशातलं एखादं गॅरेज, दहा-पंधरा वर्षं चाललेली बोलेरो किंवा स्विफ्ट येते, जुन्या रिम उतरतात आणि रुंद टायर चढतात. उभी असताना गाडी रुबाबदार दिसते. मग पहिल्याच यू-टर्नला किंवा चार माणसं बसवून गतिरोधकावरून जाताना चाकातून 'खर्रर्र' आवाज येतो.

यावर सल्ले ठरलेले असतात. कुणी म्हणतो फेंडरचा काठ कापून टाका, कुणी म्हणतो स्पेसर टाका, कुणी म्हणतो नवीन शॉकअप टाका. यातला एखादा उपाय बरोबर असूही शकतो. पण टायर नेमका कुठे आणि कधी घासतोय हे न बघता केलेला उपाय म्हणजे नुसता खर्च.

आवाजाकडे दुर्लक्ष करून गाडी चालवत राहणं तर त्याहून वाईट. टायरची बाजूची भिंत रस्त्याला टेकणाऱ्या भागापेक्षा बरीच पातळ असते. ती पत्र्याच्या धारेवर घासून आतले धागे दिसायला लागले तर त्यावर पंक्चरवाल्याकडेही इलाज नाही, टायर बदलावाच लागतो. आतल्या बाजूला ब्रेकची रबरी नळीही जवळच असते. भरलेली गाडी चोर्ला किंवा आंबोली घाट उतरत असताना यातलं काहीही फाटलं तर काय होईल, हे सांगायला नको.

आधी आकड्यांचा हिशेब

अनेक बोलेरोंवर कंपनीचा टायर 215/75 आर 15 असतो. 215 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. 75 म्हणजे त्या रुंदीच्या 75 टक्के बाजूची उंची. 15 म्हणजे रिमचा व्यास इंचात. हिशेब केला तर टायरचा पूर्ण व्यास 703.5 मिमी येतो. त्याच रिमवर 235/75 चढवला तर व्यास 733.5 मिमी होतो, म्हणजे 30 मिमीची, साधारण 4.3 टक्क्यांची वाढ. टायर वरच्या बाजूला 15 मिमी आणि आत-बाहेर प्रत्येकी 10 मिमी जास्त जागा मागतो. कागदावर हे थोडं वाटतं, पण चाक वळतं आणि वर-खाली होतं तेव्हा तेवढीच जागा कमी पडते.

रिमही बदलली असेल तर तिसरा आकडा बघावा लागतो, तो म्हणजे ऑफसेट. रिमवर 'ईटी' अक्षरांपुढे तो छापलेला असतो. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे, हे तो सांगतो. समजा, जुनी रिम 6 इंच रुंद आणि ईटी 40 होती आणि नवी 7 इंच, ईटी 30 आहे. आतल्या बाजूला फक्त 2.7 मिमी वाढ होते, पण बाहेर तब्बल 22.7 मिमी. अशी गाडी फेंडरच्या काठालाच घासणार. दुकानदाराला टायरचा साईज विचारतो तसा रिमचा ईटीही विचारून घ्या.

कुठे घासतंय ते शोधा

यासाठी मोठी यंत्रं लागत नाहीत. टायरच्या दोन्ही खांद्यांवर आणि फेंडरच्या आतल्या काठावर खडू घासा. मोकळ्या मैदानात गाडी अगदी सावकाश चालवा. स्टेअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे, पुढे आणि मागे दोन्ही. मग गाडीत चार माणसं किंवा तेवढ्या वजनाची पोती ठेवून एखाद्या उंचवट्यावरून तिरकी न्या. जिथला खडू पुसला तिथे टायर लागतोय.

नुसत्या जॅकवर चाक उचलून खात्री होत नाही. जॅकवर चाक खाली लोंबतं. बहुतेक वेळा घासतं ते चाक वर दाबलं गेल्यावर.

जुन्या गाडीचं दुखणं वेगळं

अनेकदा दोष एकट्या टायरचा नसतो. वर्षानुवर्षं ओझं वाहून मागचे पाटे आणि पुढच्या स्प्रिंगा बसलेल्या असतात. जुन्या टायरला पुरत असलेली जागा नव्याला पुरत नाही, एवढंच.

सपाट जागेवर गाडी उभी करा. हबच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या काठापर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजा. डावी-उजवीकडे ठळक फरक असेल, किंवा तुमच्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीपेक्षा अंतर कमी असेल, तर स्प्रिंग किंवा पाटा बसला आहे. इथे एक गैरसमज दूर करू. शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही, ते हेलकावे थांबवतं. बसलेली गाडी साधे नवे शॉकअप टाकून उचलली जात नाही.

बंप स्टॉपही बघा. चाक फार वर जाऊ नये म्हणून लावलेला हा रबरी ठोकळा जुन्या गाड्यांत कुजलेला असतो, कधी पडूनही गेलेला असतो. खालच्या आर्मचे बुश झिजले असतील तर ब्रेक लावताना चाक मागे सरकतं आणि चाकाच्या खाचेच्या मागच्या बाजूला घासतं. नव्या बुशनंतर अलाइनमेंट करून घेतलं की काही गाड्यांचा आवाज तिथेच थांबतो.

जागेप्रमाणे उपाय

फक्त मडफ्लॅप किंवा प्लॅस्टिकच्या लायनरला लागत असेल तर क्लिपा नीट बसवा, लायनर मागे बांधा किंवा थोडा कापा. हे सगळ्यात स्वस्तातलं काम.

पूर्ण वळणावर आत आर्मला किंवा चासिसला लागत असेल तर काही गाड्यांत स्टेअरिंगचा स्टॉप बोल्ट थोडा बाहेर काढता येतो. वळायला जागा मात्र जास्त लागेल. स्पेसर टाकायचाच असेल तर हबवर घट्ट बसणारा घ्या आणि नटचे आटे किती पकडतात ते मोजा. ढोबळ नियम असा की बोल्टच्या जाडीइतकी तरी पकड हवी. 12 मिमीचा बोल्ट असेल तर किमान 12 मिमी. स्पेसरमुळे बेअरिंगवर ताण वाढतो आणि आतलं घासणं थांबून बाहेरचं सुरू होऊ शकतं, हेही लक्षात ठेवा.

फेंडरच्या काठाला लागत असेल तर कापण्यापेक्षा काठ आत दुमडून घेणं बरं. दुमडताना रंग हीट गनने गरम करावा लागतो, नाहीतर तडे जातात. तडा गेला की पाणी शिरतं, आणि गोव्या-कोकणच्या हवेत गंज धरायला एक पावसाळा पुरतो.

फक्त ओझं भरल्यावर घासत असेल तर पाटे, स्प्रिंगा आणि बंप स्टॉप आधी. पत्र्याला हात नंतर.

मीटर आणि कायदा

व्यास वाढला की मीटर चुकतं. वरच्या उदाहरणात मीटरवर 80 दिसताना गाडी प्रत्यक्षात 83 च्या पुढे असते. 10,000 किलोमीटर धावलेली गाडी मीटरवर साधारण 9,590 दाखवते, त्यामुळे मायलेजचा हिशेबही फसतो. घाट चढताना इंजिनला आणि उतरताना ब्रेकला जास्त जोर लावावा लागतो. नव्या टायरची वजन पेलण्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी नसावी, हेही बघा.

मोटार वाहन कायदा केंद्राचा असल्यामुळे गाडीचं पासिंग केए, एमएच किंवा जीए असलं तरी कलम 52 सगळ्यांना सारखंच. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनी असा बदल पुढे करून दावा अडवू शकते. म्हणून सगळ्यात निर्धोक साईज म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने दिलेला. तो मॅन्युअलमध्ये किंवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर सापडतो.

थोडक्यात क्रम असा: हिशेब, खडू, उंचीचं माप, बुश आणि पाटे, आणि सगळ्यात शेवटी पत्रा. एवढं करूनही चासिसजवळ कापाकापी करावी लागणार असेल, तर तो टायर तुमच्या गाडीचा नाही. नवा असतानाच दुकानदाराशी बोलून बदलून घ्या. घासून घासून खराब झाल्यावर तो कुणीच परत घेणार नाही.