येत होती... की येते?

'सायकल चालवता येते का हो?' असं विचारून बघा. आपल्यातल्या पुष्कळजणी हसून म्हणतील, 'येत होती!' शाळेत असताना येत होती, कॉलेजला जायचो तेव्हा येत होती. मग लग्न ठरलं, सायकल धाकट्या भावाकडे गेली आणि 'येते'चं 'येत होती' झालं ते झालंच. पुढे स्कूटी आली, पण ती कामाची. भाजी, शिकवणी, बँक!

सायकलवर मोजकं सामान बांधून आडवाटेनं, रानावनातून मुक्कामाच्या प्रवासाला जायचं, याला परदेशात 'बाइकपॅकिंग' म्हणतात. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं तर २०१८ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. सुमारे २९ हजार किलोमीटर, १५९ दिवसांत! तिचा विषय निघाला की माझी शाळेतली मैत्रीण म्हणायची, "ती जग फिरली, आपण निदान सातपुड्यापर्यंत तरी जाऊ या गं!" गेल्या हिवाळ्यात आम्ही ठरवलंच. भुसावळ ते पाल, सुमारे पन्नास किलोमीटर. रात्री मुक्काम पालला तिच्या मावशीकडे.

घरी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, "स्वयंपाकाचं काय?" दुसरा, "लोक काय म्हणतील?" वाटेत काही झालं तर, हा प्रश्न तिसरा! शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जाऊ द्या तिला. एक दिवस हातानं वाढून घेतलं तर कोणी उपाशी मरत नाही."

तयारी ती कितीशी? कॅरिअरवर सतरंजी, स्वेटर, कपड्यांचा एक जोड. हँडलला पिशवी, तिच्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. हवा भरायचा पंप आणि पंक्चरचं सामान. मैत्रिणीनं तर दोन दुपारी सायकलच्या दुकानात बसून पंक्चर काढायला शिकून घेतलं होतं.

उजाडता उजाडता तापी ओलांडली. बामणोद, फैजपूर, सावदा... दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि त्यांचा ओला गारवा. मोटारीतून हा रस्ता कितीदा पाहिला, पण हा गारवा कधी अंगाला लागला नव्हता. खिरोद्यानंतर केळी मागे पडली आणि सातपुडा समोर आला.

तिथेच बाभळीच्या काट्यानं घात केला. आम्ही चाक उघडून बसलो, तर मोटरसायकलवरची दोन मुलं थांबली. "काकू, कोणी माणूस नाही का सोबत?" मैत्रीण मान वर न करता म्हणाली, "मग आम्ही कोण आहोत?" पोरं ओशाळली. पाणी हवं का विचारलं आणि गेली. अर्ध्या तासात चाक फिरायला लागलं.

घाट लागला तशा आम्ही उतरून सायकली ढकलू लागलो. साग, अंजन, धावडा... वाळल्या पानांची सळसळ आणि आमचे श्वास, बाकी सगळं शांत. समोरून डोक्यावर मोळ्या घेतलेल्या तीन पावरा बाया आल्या. आमच्याकडे बघून एक हसली, "ढकलायचीच होती, तर आणली कशाला?" आम्हीही हसत सुटलो. पण मनात आलं, आम्ही ज्याला धाडस म्हणून मिरवणार, ती वाट या बाया रोज तुडवतात. त्यांना कोणी परवानगी विचारत नाही, आणि कौतुकही करत नाही.

पालच्या भोवतीचं हे यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झालं. इथे बिबट्या आहे, अस्वल आहे. म्हणून वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरायचं नाही आणि अंधाराआधी मुक्काम गाठायचा, हे आम्ही पाळलं. दिवस कलायच्या आत मावशीच्या ओट्यावर टेकलो. पायांचे गोळे झाले होते. मावशीनं कळण्याची भाकरी आणि भरीत पुढे ठेवलं. किती वर्षांनी मी आयतं जेवले!

मैत्रिणींनो, सगळ्यांनी घाट चढावा असं मी म्हणत नाही. पण आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या गेल्या. त्या सायकलीमुळे कितीतरी जणींची शाळा टिकली. बारावीनंतर ती सायकल कुठे जाते, हे आपापल्या घरात, गल्लीत जरा बघा. भावाकडे? भंगारात? ती त्या मुलीकडेच राहू द्या. सासरी जाताना भांड्याकुंड्यांसोबत तीही पाठवा.

आणि स्वतःसाठी? रविवारी सकाळी घरातली सायकल काढा, हवा भरा, गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत जाऊन या. सोबत मैत्रीण असू द्या. स्वयंपाकाचं काय, ते घरचे बघतील!