नाताळची हातठशाची कार्डे : शाई वाळली तरच दाम

नाताळचे कार्ड टपालात पडते डिसेंबरमध्ये, पण कारागिराच्या हातून ते पावसाळ्यातच सुटावे लागते. ब्रिटनमधील दुकाने सप्टेंबर-ऑक्टोबरपासून ही कार्डे मांडू लागतात. जहाजाने माल पोहोचायला महिना-दीड महिना धरला, तर ठसे उमटवण्याचे काम जून ते ऑगस्टमध्ये येते, आणि हवेतला दमटपणा नेमका याच दिवसांत सर्वांत जास्त असतो. म्हणून या धंद्यातला नफा-तोटा ठशाच्या नक्षीवर कमी आणि शाई वाळण्यावर अधिक ठरतो. २५ डिसेंबर उलटला की त्या कार्डाला गिऱ्हाईक नाही. ईदचे न खपलेले कापड लग्नसराईत निघते, तसे येथे होत नाही.

बाजारात विकले गेलेले पहिले नाताळ कार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघाले. ते हेन्री कोल यांनी काढले, चित्र जॉन कॉलकॉट हॉर्सली यांचे होते. छपाई शिळाछापाची होती, रंग मात्र हाताने भरले होते आणि किंमत होती एक शिलिंग. पुढे यंत्रांनी कार्डे स्वस्त केली. तरीही ब्रिटन-अमेरिकेत हातच्या कार्डाची हौस टिकली आणि रबरी ठसे, शाईच्या गाद्या व जाड कागद घेऊन घरी कार्डे करणारा मोठा वर्ग तयार झाला. आपल्या कारागिरांना त्यामुळे तयार कार्डाबरोबर कोरीव ठसा आणि हातकागद हेही विकता येतात.

हातकागद तर आपल्या घरचाच. जयपूरजवळच्या सांगानेरचे कागझी मुस्लिम पिढ्यान्‌पिढ्या हाच व्यवसाय करत आले आहेत. कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थाही तेथेच आहे. महाराष्ट्रात दौलताबादजवळचे कागजीपुरा नावानेच आपली ओळख सांगते. १३२७ साली मुहंमद तुघलकाने राजधानी हलवली, तेव्हा आलेल्या कागदगारांची ही वस्ती, असे परंपरेने मानले जाते. सुती चिंध्यांच्या लगद्याचा हा कागद बळकट असतो आणि त्याची न कापलेली खरबरीत कड परदेशी गिऱ्हाइकाला फार आवडते.

पण हाच कागद शाईची परीक्षा घेतो. खळ कमी पडलेला हातकागद टीपकागदासारखा वागतो. त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई, म्हणजे डाय इंक, लावली की ती तंतूंतून फुटते आणि ताऱ्याचे टोक केसाळ दिसते. ही शाई लवकर वाळते हे खरे, पण उजेडात विटते आणि पाण्याचा थेंब पडला की पसरते. कचेरीच्या शिक्क्याची जांभळी शाई स्वस्त मिळते म्हणून ती वापरू नये, तिचाही गुण हाच.

पिगमेंट शाईत रंगाचे कण विरघळलेले नसतात, ते कागदाच्या वर बसतात. त्यामुळे रेघ स्वच्छ येते आणि रंग टिकतो. पण ही शाई सावकाश वाळते, आणि गुळगुळीत चकचकीत कार्डावर तर आच दिल्याशिवाय नीट वाळतच नाही. वरून कोरडी वाटणारी कार्डे गड्डी करून बांधली, की पेटी उघडेपर्यंत एका कार्डाचा तारा दुसऱ्याच्या पाठीवर उमटलेला असतो. असा माल गिऱ्हाईक परत करतो, आणि तोवर हंगामही गेलेला असतो.

यावर जुना इलाज आहे. लग्नपत्रिकांवर उठावाची सोनेरी अक्षरे करणाऱ्या छापखानदारांना तो ठाऊक आहे. ओल्या पिगमेंट शाईवर राळेची बारीक पूड भुरभुरायची, जास्तीची झटकून परत डबीत घ्यायची आणि हीट गनने वितळवायची. ठसा उठावदार होतो आणि शाई पुडीखाली बंद होते. पावसाळ्यात मात्र पुडीच्या गुठळ्या होतात आणि दमट कागदावर ती नको तेथे चिकटते. डबी घट्ट बंद ठेवावी आणि कागद ठसा मारण्याआधी कोरड्या खोलीत ठेवावा.

बांधणीपूर्वी दहा कार्डे समोरासमोर ठेवून त्यांवर रात्रभर वजन ठेवावे. सकाळी डाग दिसला तर सगळा घाणा थांबवावा. एक दिवस जाईल, ऑर्डर वाचेल.

ठशाचेही तसेच. कापडाच्या छपाईचा लाकडी ठसा खोल आणि जाड रेघेचा असतो. तो तेलात मुरवलेला असतो आणि छपाईच्या वेळी कापडाखाली मऊ गादी असते. तोच ठसा कार्डावर मारायचा तर कागदाखालीही गादी हवी, नाहीतर मधला भाग कोरा राहतो. बारीक नक्षीला रबरी ठसा बरा. तो रॉकेलने पुसू नये, रबर फुगते. साबणाचे पाणी पुरे.

नक्षीचे म्हणाल, तर नाताळच्या कार्डावर धार्मिक चित्रच लागते असे नाही. तारा, बर्फाचा कण, सूचिपर्णी झाड, हॉलीची पाने आणि लाल फळे यांना कायम मागणी असते. सजीवाचे चित्र न काढणाऱ्या कारागिरालाही येथे भरपूर काम आहे. भौमितिक जाळी तर त्याच्याच हातची, आणि तिचे ठसे ईदकार्डालाही चालतात. ईदकार्डांचा जुना बाजार मोबाईलच्या संदेशांनी बसवला आहे, तरी निवडक गिऱ्हाईक अजून हातचे कार्ड मागते.

मापाकडे दुर्लक्ष करू नये. ब्रिटनला ए-५ कागद दुमडून होणारे १०५ × १४८ मि.मी. कार्ड चालते, ते सी-६ पाकिटात बसते. अमेरिकेत सव्वाचार बाय साडेपाच इंच हे माप रूढ आहे. तेथे चौकोनी पाकिटाला टपालखाते जादा आकार लावते. ब्रिटनमध्ये साध्या पत्राची जाडी ५ मि.मी.पर्यंतच चालते, म्हणजे मणी-टिकल्या चिकटवून केलेली भारी सजावट गिऱ्हाइकाच्याच खिशाला चाट देते. निर्यातीच्या कागदपत्रांत शुभेच्छाकार्डे ४९०९ या शीर्षाखाली येतात, कोरा हातकागद ४८०२ खाली.

एका व्यापाऱ्याने दिलेली नक्षी दुसऱ्याला विकू नये, परदेशात नक्षीवर हक्क असतो. मंजूर झालेल्या नमुन्याचे एक कार्ड गिऱ्हाइकाची सही घेऊन आपल्याकडे ठेवावे. त्याच शाईची पूर्ण ऑर्डरला पुरेल इतकी खरेदी एकदम करावी, कारण दुसऱ्या खेपेचा लाल पहिल्या लालाशी बहुधा जुळत नाही.