अकरा तालुके, एक खोरं : सोलापूर जिल्ह्याचा नकाशा

तालुक्यांची नावं तुम्हाला पाठ असतीलच : करमाळा, माढा, बार्शी, मोहोळ, पंढरपूर, माळशिरस, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट, उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर. झाले अकरा. आज प्रश्न वेगळा आहे. या सीमारेषा इथेच का आल्या? आणि जमिनीची रचना त्यांच्याशी जुळते का?

आधी जमीन बघू. जिल्हा दख्खनच्या पठारावर आहे, क्षेत्रफळ सुमारे १४,९०० चौरस किलोमीटर. बार्शीकडे बालाघाटचे फाटे, पश्चिमेला माळशिरस-सांगोल्याकडे महादेव डोंगराचे फाटे, आणि मधे आग्नेयेकडे उतरत जाणारा सपाट मुलूख. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे पाऊस कमी आणि बेभरवशाचा. पडलेल्या थेंबाची वाट मात्र ठरलेली. नीरा, माण, सीना, बार्शीची भोगावती, अक्कलकोटची बोरी, सगळ्यांचं पाणी शेवटी भीमेलाच जातं. म्हणजे निसर्गाच्या हिशेबात अख्खा जिल्हा हे एकच खोरं आहे.

आता कागद बघू. हा जिल्हा एकदम आखलेला नाही, तो जोडत जोडत तयार झालेला आहे. १८३८ मध्ये जे सोलापूर होतं, त्यात बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा यांच्याबरोबर इंडी आणि मुद्देबिहाळही होते, जे आज कर्नाटकात आहेत. १८६४ मध्ये ती रचना मोडली. १८७१ मध्ये जिल्हा पुन्हा उभा राहिला, तेव्हा साताऱ्याकडून पंढरपूर आणि सांगोला आले, १८७५ मध्ये माळशिरस आलं. अक्कलकोट हे भोसल्यांचं संस्थान, मंगळवेढा सांगलीच्या पटवर्धनांकडे. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली आणि हे दोन्ही भाग सोलापुरात आले. थोडक्यात, आपल्या तालुक्यांच्या हद्दी कारभाराच्या आणि राजवटींच्या सोयीने पडल्या. काही ठिकाणी नदीच हद्द झाली, उदाहरणार्थ माळशिरसच्या उत्तरेला नीरा किंवा दक्षिणेला कर्नाटकाच्या बाजूने भीमा. पण तिथेही गंमत बघा : नदी दोन्ही काठांना जोडते, आणि कागदावर तीच दोघांना वेगळं करते.

याने बिघडतं कुठे? मंगळवेढा घ्या. हे ज्वारीचं कोठार, तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. भीमाकाठची काळी जमीन ओल धरून ठेवते म्हणून हे जमतं. पण त्याच तालुक्याच्या दक्षिण भागातल्या ३५ गावांनी वर्षानुवर्षं पाण्यासाठी आंदोलनं केली. तालुका एक, तहसीलदार एक, आणि परिस्थिती दोन. तालुक्याची सरासरी काढली की ही गावं त्या आकड्यात दिसेनाशी होतात.

दुसरं उदाहरण उजनीचं. धरण माढा तालुक्यात, १९८० मध्ये पूर्ण झालं. पूर्ण भरलं तर सुमारे ११७ टीएमसी पाणी. पण त्यातलं जवळजवळ ६३ टीएमसी मृतसाठा आहे, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखालचं. खरा वाटा उरतो साधारण ५४ टीएमसीचा. त्यात शेती आली, उद्योग आले, पिण्याचं पाणी आलं. सोलापूर शहरासाठी जलवाहिनी आहेच, शिवाय भीमेच्या पात्रातून पाणी सोडून ते दक्षिण सोलापुरातल्या औज बंधाऱ्यापर्यंत आणलं जातं. वाटेत किती तालुके लागतात, ते नकाशावर बोट फिरवून बघा. वरच्या तालुक्याने जास्त उपसलं की खालच्याचा बंधारा कोरडा राहतो. आणि दोघांच्या बैठका वेगळ्या, पुढारी वेगळे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. महसुलाला तालुका लागतो, दाखल्याला तलाठी लागतो, त्याला पर्याय नाही. पण पाण्याचा हिशेब करायचा असेल तर तालुक्याचा नकाशा बाजूला ठेवून खोऱ्याचा नकाशा उघडायला हवा. आपण पाणी मागतो तालुक्याच्या नावाने, आणि ते येतं खोऱ्याच्या उताराने. घरी गेल्यावर एक करा : आपल्या गावचा ओढा कोणत्या नदीला मिळतो आणि त्याच नदीवर वरच्या अंगाला कोणती गावं आहेत, तेवढं शोधा. तुमचे खरे शेजारी तिथे सापडतील.