फाटलेल्या ताऱ्याची साक्ष

कृष्णविवर म्हटलं की आजूबाजूचं सगळं गिळत सुटलेला राक्षस डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रत्यक्षात दीर्घिकांच्या केंद्रातली बहुतेक महाकाय कृष्णविवरं उपाशीच असतात. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाचं, पण इतकं निपचित की ते जोखण्यासाठी राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांना भोवतालच्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं मोजाव्या लागल्या. त्या कामाला २०२०चं नोबेल मिळालं. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत मात्र केंद्राजवळचे तारे सुटे दिसतच नाहीत. तिथल्या उपाशी कृष्णविवराबद्दल काही कळायचं, तर त्याच्या तावडीत सापडून फाटलेला एखादा तारा हा फार मोलाचा साक्षीदार ठरतो.

तारा फाटतो तो भरती-ओहोटीच्याच बलामुळे. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त ओढतो, लांबच्या बाजूला कमी. हाच फरक कृष्णविवराजवळ भयंकर वाढतो. दहा लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाच्या कृष्णविवरापासून साधारण सात कोटी किलोमीटरच्या आत सूर्यासारखा तारा आला, की हा फरक त्याच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणावर मात करतो आणि तारा शेवईसारखा लांबत जातो. पुढे काय होतं, याचं गणित मार्टिन रीस यांनी १९८८ मध्ये मांडलं. जवळपास निम्मा वायू कायमचा बाहेर फेकला जातो, उरलेला परत फिरतो. अशा कृष्णविवराकडे त्याचा पहिला लोट सुमारे ४० दिवसांनी पोहोचतो. नंतर पुरवठा ठरावीक गतीने आटतो: काळ दुप्पट झाला की तो साधारण एक तृतीयांशावर येतो. कोसळणारा वायू तापतो आणि दीर्घिकेचं केंद्र काही महिने उजळतं. एका दीर्घिकेत असा प्रसंग दहा हजार ते लाख वर्षांतून एकदा घडतो; म्हणूनच असंख्य दीर्घिकांवर एकाच वेळी नजर ठेवणाऱ्या सर्वेक्षण-दुर्बिणी आल्यावर हे प्रसंग नियमित हाती लागू लागले.

आकाशात अचानक उजळणारं काहीही सुपरनोव्हा असू शकतं, ही पहिली शंका रास्तच आहे. पण सुपरनोव्हा काही आठवड्यांत थंडावतो, तांबूस होतो. ही झळाळी महिनोन्‌महिने निळी आणि हजारो अंश तापलेली राहते, आणि दिसते ती दीर्घिकेच्या नेमक्या केंद्रात. दुसरी शंका अशी, की कृष्णविवर आधीपासूनच वायू खात असेल आणि त्याचाच हा चढ-उतार असेल. तिथे जुन्या नोंदी कामी येतात: आधी वर्षानुवर्षं शांत असलेलं केंद्र एकदाच उसळून गणिताने सांगितल्यासारखं मंदावलं, तर तारा फाटल्याचा निष्कर्ष बळकट होतो.

सगळ्यात वजनदार पुरावा मात्र जिथे झळाळी दिसत नाही तिथे आहे. कृष्णविवराचं वस्तुमान शंभर पट केलं तर घटनाक्षितिजाची, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही परतत नाही त्या सीमेची, त्रिज्याही शंभर पट होते, पण तारा फाटण्याचं अंतर पाच पटही वाढत नाही. त्यामुळे सुमारे दहा कोटी सूर्यांपलीकडे सूर्यासारखा तारा फाटण्याआधीच क्षितिजाआड जातो. जॅक हिल्स यांनी ही मर्यादा १९७५ मध्येच दाखवली होती. निरीक्षणांतही सर्वांत जड कृष्णविवरांभोवती असे प्रसंग झपाट्याने कमी होतात. क्षितिजाच्या जागी टणक पृष्ठभाग असता, तर तारा त्यावर आदळून तिथेही प्रकाश दिसायला हवा होता.

सर्वांत अवघड आक्षेप सिद्धांताच्या बाजूने येतो. कृष्णविवराला लगटून फिरणारी वायूची तप्त तबकडी प्रामुख्याने अतिनील आणि क्ष-किरणांत चमकायला हवी. मग अनेक प्रसंगांत इतका दृश्य प्रकाश कुठून येतो? २०१९ मध्ये सापडलेल्या ‘एटी २०१९ क्यूआयझेड’ या प्रसंगाने इथे वाट दाखवली. २१.५ कोटी प्रकाशवर्षं दूर, सूर्याएवढा तारा, दहा लाख सूर्यांहून जड कृष्णविवर. हा प्रसंग फार लवकर हेरला गेला, त्यामुळे झळाळी वाढत असतानाच सेकंदाला दहा हजार किलोमीटरपर्यंतच्या वेगाने बाहेर पडणारा वायू वर्णपटात दिसला. आतली प्रखर प्रारणं हाच वायू शोषतो आणि दृश्य प्रकाशात बदलतो, या स्पष्टीकरणाला त्यातून बळ मिळालं. चार वर्षांनी तिथूनच साधारण दर ४८ तासांनी क्ष-किरणांचे स्फोट येताना आढळले. उरलेल्या तबकडीला दुसरा एखादा तारा किंवा लहान कृष्णविवर फेरीगणिक छेदत असावं, हे त्याचं सर्वांत पटणारं कारण. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणांत चंद्रा आणि हबल या अवकाश-दुर्बिणींबरोबर भारताची ॲस्ट्रोसॅट वेधशाळाही होती. तिची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली आहे.

म्हणून एकेक प्रसंग शोधणं जितकं महत्त्वाचं, तितकंच त्याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणंही. चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा असे प्रसंग मोठ्या संख्येने शोधून देईल, पण दृश्य प्रकाशात पहिली ठिणगी दिसली म्हणजे काम संपत नाही. अतिनील आणि क्ष-किरण वातावरणात अडतात, म्हणून कथेचा निम्मा भाग अवकाशातूनच वाचावा लागतो. ॲस्ट्रोसॅट २०१५ पासून कक्षेत आहे. तिच्या वारसदाराची तयारी भारताने वेळेत केली, तर उपाशी कृष्णविवरांच्या या शिरगणतीत आपला वाटा पुढेही राहील.