चीवर उतरवल्यानंतर

बौद्ध भिक्खूला संघ सोडून संसारात परतण्याची मुभा विनयाने, म्हणजे संघाच्या नियमांनी, पहिल्यापासून दिलेली आहे. संघात येताना घेतलेली ‘शिक्षा’, म्हणजे भिक्खूच्या आचाराचे व्रत, परत केली की तो पुन्हा गृहस्थ होतो. त्याबद्दल दंड नाही की प्रायश्चित्त नाही.

आत येणे मात्र याहून अवघड आहे. उपसंपदेसाठी, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्यासाठी, मध्यदेशात किमान दहा भिक्खूंचा संघ लागतो. सीमेवरच्या अवंती-दक्षिणापथात बुद्धांच्या काळी इतके भिक्खू मिळत नसत. सोण कुटिकण्ण या तरुणाची उपसंपदा त्यामुळे तीन वर्षे रखडली. पुढे त्याचे गुरू महाकात्यायन यांनी त्याच्याकरवी बुद्धांकडे विनंती पोचवली आणि सीमेवरच्या प्रदेशांसाठी पाच भिक्खू पुरेसे ठरले. बाहेर पडायला एकच माणूस पुरतो. भिक्खूने शुद्धीत असताना, समजणाऱ्या व्यक्तीसमोर, आपण शिक्षा सोडत आहोत असे स्पष्ट शब्दांत सांगायचे. ऐकणारा गृहस्थ असला तरी चालतो. ‘सोडावे असे वाटते’ एवढे म्हटल्याने संघ सुटत नाही. थट्टेत, वेडाच्या भरात किंवा ऐकणाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत उच्चारलेले शब्दही ग्राह्य नाहीत. मन डळमळले म्हणून माणसाचे भिक्खूपण जाऊ नये, ही यामागची काळजी आहे.

असा रीतसर परतलेला पुरुष पुन्हा उपसंपदा घेऊ शकतो. मैथुन, चोरी, मनुष्यहत्या किंवा अलौकिक सिद्धीचा खोटा दावा यांपैकी पाराजिक दोष भिक्खू असताना घडला असेल, तर मात्र ते दार कायमचे बंद होते. धम्मपदाच्या अट्ठकथेत पुन्हा पुन्हा परतणाऱ्या चित्तहत्थाची गोष्ट येते. श्रावस्तीचा हा शेतकरी हरवलेला बैल शोधता शोधता भुकेने कासावीस होऊन विहारात पोचला. तिथे पोटभर जेवण मिळाले, म्हणून भिक्खू झाला. काही दिवसांनी घरची ओढ लागली, परत गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. सहा वेळा चीवर उतरवलेला हा माणूस सातव्या खेपेला अर्हत झाला. बायांच्या वाट्याला मात्र ही सवलत आली नाही. थेरवादी विनयाप्रमाणे संघ सोडलेल्या भिक्खुणीला पुन्हा उपसंपदा मिळत नाही, आणि हा भेद आज खटकल्याशिवाय राहत नाही.

मराठी माणसाला या परतीचे सर्वांत जवळचे उदाहरण धर्मानंद कोसंबी यांचे. गोव्यातील सांखवाळचे कोसंबी पत्नी आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून 1899 मध्ये ज्ञानाच्या शोधात निघाले. 1902 मध्ये कोलंबोला हिक्कडुवे सुमंगल यांच्या विद्योदय परिवेणात ते श्रामणेर, म्हणजे नवशिके भिक्खू, झाले, पुढे ब्रह्मदेशात राहिले. 1906 च्या सुमारास त्यांनी भिक्खूजीवन सोडले. कलकत्त्यात पाली शिकवण्याचे काम त्यांनी पत्करले, आणि 1907 मध्ये त्यांचे पुत्र दामोदर यांचा जन्म झाला. सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा 50 रुपयांच्या आधारावर ते महाराष्ट्रात आले, फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले आणि बुद्धचरित्र मराठीत सांगत राहिले. त्यांनी संसार स्वीकारला म्हणून मराठी वाचकाला बौद्ध विद्येचा एक मोठा अभ्यासक मिळाला.

असे परतणे आज विदर्भातही दिसते, आणि तिथल्या भंडारा जिल्ह्याला बौद्ध संघ नवा नाही. वैनगंगेकाठच्या पवनीत जगन्नाथ टेकडीच्या 1969-70 च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला. जवळच्या रुयाडला आता नवा महास्तूप उभा आहे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातील गावोगाव विहार झाले आणि त्यांच्यासोबत श्रामणेर शिबिरांची प्रथाही रुजली. या शिबिरांत परत येणे हे आधीपासूनच ठरलेले असते.

शिबिर बहुधा दहा दिवसांचे. मुंडण करून, काषाय चीवर नेसून दहा शील घ्यायचे: दुपारनंतर जेवण नाही, पैशाला हात नाही, उंच बिछाना नाही. भिक्खूंचा पावसाळी वर्षावास भाताच्या रोवणीच्या काळातच येत असल्याने शेतकरी घरातल्यांना उन्हाळा सोयीचा पडतो. शेवटच्या दिवशी भंतेजींसमोर चीवर उतरवले जाते आणि पुन्हा त्रिसरण-पंचशील घेतले जाते. दहाचे पाच शील झाले, की तो उपासक. डोक्यावरचे केस वाढेपर्यंत गाव त्याला ओळखून असते.

थायलंड आणि म्यानमारमध्ये अशी तात्पुरती प्रव्रज्या घरोघरी मानाची समजतात. थायलंडचे राजे भूमिबोलही 1956 मध्ये काही दिवस भिक्खू झाले होते. श्रीलंकेत मात्र चीवर सोडणाऱ्याकडे समाज आजही नाखुशीने पाहतो. विदर्भात दहा दिवसांच्या श्रामणेराला मान आहे. वर्षानुवर्षे भंते म्हणून वावरलेल्याला मात्र परतणे अवघड जाते. ज्यांनी वाकून वंदन केले त्यांच्याच रांगेत त्याला बसावे लागते. हाताशी नोकरी नसते, शेताची वाटणी आधीच झालेली असते. विनय त्याला दोष देत नाही, पण पोटापाण्याची सोयही लावून देत नाही. ती घरच्यांनी आणि उपासकांनीच करायची. श्रामणेर शिबिरातून परतलेल्यांपैकी काही जण प्रशिक्षण घेऊन बौद्धाचार्य होतात आणि गावातले नामकरण, लग्न, पुण्यानुमोदन हे विधी पांढऱ्या कपड्यांत पार पाडतात.