लहान मुले आणि पडदा : घराचा वाटा किती?

दरवर्षीच्या प्रथेप्रमाणे आरोग्याचा एक प्रश्न आम्ही देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर मांडीत आहोत. यंदाचा प्रश्न आम्हांस आमच्याच बालरुग्ण विभागाच्या प्रतीक्षाकक्षात भेटला. तेथे बसलेल्या दोन-तीन वर्षांच्या अनेक मुलांच्या हाती मोबाईल असतो. नाव पुकारले की आई तो काढून घेते आणि मूल आकांत करते. ‘जेवताना मोबाईल लागतोच’ आणि ‘दोन वर्षांचा झाला, तरी बोलत नाही’ ही दोन वाक्ये आमचे डॉक्टर पुष्कळदा एकाच मातेच्या तोंडून ऐकतात. आम्ही स्वतः हिशेबाची माणसे. म्हणून पुढील मजकूर आमच्या बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतला आहे.

मर्यादा किती असावी?

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलास पडद्यासमोर बसवू नये. दोन ते चार वर्षे वयात दिवसाकाठी एक तासापेक्षा अधिक वेळ देऊ नये आणि त्याहून कमी दिल्यास उत्तम. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सूचनाही याच आशयाच्या आहेत. त्यांत दूरच्या नातेवाइकांशी अधूनमधून केलेला व्हिडिओ कॉल मात्र अपवाद मानला आहे.

घरातील कारणे

मूल मोबाईल विकत आणीत नाही. तो त्याला कोणीतरी देते. म्हणूनच या प्रश्नाचे मूळ घरात शोधावे लागते. देशोदेशींच्या अभ्यासांत एक गोष्ट वारंवार आढळली आहे : ज्या घरातील मोठी माणसे पडद्यासमोर अधिक वेळ घालवितात, त्या घरातील मुलेही तसाच वेळ घालवितात. जेवताना टीव्ही चालू असणे, कोणी पाहत नसतानाही तो चालू राहणे, मूल झोपते त्या खोलीत टीव्ही असणे आणि घरात वेळेचा काहीच नियम नसणे ही इतर कारणे होत.

आपल्या उपनगरांत यांस आणखी काही गोष्टींची जोड मिळते. बोरिवली वा मुलुंडहून शहरात नोकरीस जाणारे आईवडील सकाळी लोकल गाठतात आणि दिवेलागणीनंतर थकून परततात. एका खोलीच्या घरात टीव्हीसाठी निराळी जागा नसते. मोठ्यांची मालिका तान्ह्या बाळाच्याही कानी पडतेच. आजीचे गुडघे दुखतात, त्यामुळे नातवंडास खाली मैदानात नेणे होत नाही. मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर भरली आणि घरोघरी तो मुलांच्या हाती आला. सबब, मोबाईल देणाऱ्या मातेस वा आजीस दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. तिला अर्ध्या तासाची उसंत हवी असते आणि ती देणारे दुसरे कोणी घरात नसते.

बोलणे का लांबते?

मूल भाषा शिकते ती देवाणघेवाणीतून. ते ‘ऊं’ म्हणते, आई उत्तर देते, ते पुन्हा काही म्हणते. पडदा अखंड बोलतो. परंतु मुलाच्या हुंकारास उत्तर देत नाही. शिवाय टीव्ही चालू असला की मोठी माणसेही मुलाशी कमी बोलतात. तथापि, उशिरा बोलण्याचे खापर केवळ मोबाईलवर फोडू नये. ऐकू कमी येणे वा विकासातील अन्य अडचण हेही कारण असू शकते. वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचे एकही शब्द बोलत नसेल किंवा दोन वर्षांचे दोन शब्द जोडीत नसेल, तर ‘याचे बाबाही उशिरा बोलले’ असे म्हणून थांबू नये. प्रथम श्रवणतपासणी करून घ्यावी. या वयात वाया गेलेले महिने पुढे भरून काढणे कठीण जाते.

एका गावाचा धडा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये निर्णय घेतला, की सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजताच दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद ठेवावयाचे. निर्णयात महिलांचा पुढाकार होता. यातील मर्म असे, की नियम केवळ मुलांस नव्हता, मोठ्यांसही होता. आपल्या इमारतींवर भोंगा नाही. परंतु जेवणाच्या वेळी सर्वांचे मोबाईल एका टोपलीत ठेवणे कोणत्याही घरास जमण्याजोगे आहे. मुलाचा घास गोष्ट सांगत भरवावा, झोपण्यापूर्वीचा एक तास पडद्याविना जावा आणि स्वयंपाक करताना मुलाच्या हाती डबे व पळ्या द्याव्यात. पहिले काही दिवस रडारड होईल. त्या काळात घरातील सर्वांनी एकच भूमिका घ्यावी.

आमच्या घरचा हिशेब

हे सारे लिहिताना आम्हांस स्वतःकडेही पाहावे लागले. आमच्या बालरुग्ण प्रतीक्षाकक्षात टीव्ही आहे व तो दिवसभर कार्टून दाखवीत असे. एका स्नेही देणगीदाराने तो सद्भावनेने दिला होता आणि आम्हीही तो आनंदाने लावला होता. यंदा त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने, तो बंद केला. त्या जागी चटई, लाकडी ठोकळे आणि चित्रांची पुस्तके ठेवली आहेत. गोंगाट वाढला आहे हे खरे. परंतु आता तो मुलांचा आहे.

मराठी, हिंदी व गुजराती चित्रपुस्तके आणि धुता येतील अशी खेळणी यांची आम्हांस नित्य गरज भासते. ज्या हितचिंतकांना शक्य असेल त्यांनी ती अवश्य पाठवावीत. आणि सवड काढून तासभर येऊन एखादी गोष्ट वाचून दाखविल्यास आम्ही अधिकच ऋणी राहू.